काठावरची फट

मुळ्ये सर कोणालाही घरात घेत नसत. उज्जैनच्या माधव नगरातल्या त्यांच्या घराला पुढे एक दगडी ओटा होता. दूधवाला, पोस्टमन, पाहुणे, कॉलेजचे प्राचार्य, सगळ्यांचं स्वागत त्या ओट्यावर होई आणि निरोपही तिथेच मिळे. मी त्यांच्या कॉलेजात, त्यांच्याच गणित विभागात, नवी व्याख्याती म्हणून लागले आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून संक्रांतीचा तिळगूळ घेऊन गेले, तेव्हा सरांनी जाळीच्या दारातून आधी माझ्या चपलांकडे पाहिलं. "नीट काढल्यात. बसा," म्हणाले. डब्यातला एक लाडू त्यांनी घेतला आणि एक मला दिला. मला वाटलं, प्रेमाने दिला. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की मी खाल्ल्यावरच त्यांनी आपला तोंडात टाकला होता.

त्यांचा संशय सकाळी पोह्यांपासून सुरू होई. टॉवर चौकातल्या ठेल्यावर पोचल्या पोचल्या त्यांनी कधी प्लेट मागवली नाही. आधी दुसऱ्याची प्लेट लागताना बघायची. वरून भुरभुरायचा जीरावन मसाला कुठल्या डब्यातून पडतो, शेव ताजी की कालची, पोहेवाला हात कशाला पुसतो, हे सगळं बघून झालं आणि ते गिऱ्हाईक खाऊनही धडधाकट उभं राहिलं, की मग आपली प्लेट. पोहेवाला त्यांना ओळखून होता. सर लांबून दिसले की तो शेजारच्या चहावाल्याला म्हणे, "आ गए फूड इन्स्पेक्टर."

तो काळही असा होता की त्यांच्या संशयाला रोज नवा खुराक मिळे. दुकानं रंगीबेरंगी पाकिटांनी भरायला लागली होती, गल्लीगल्लीत एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते, छपरांवरून केबलच्या काळ्या वायरी चालल्या होत्या. सरांच्या गच्चीवरून एक वायर गेली तेव्हा त्यांनी केबलवाल्या पोऱ्याला ओट्यावर बसवून त्यातून नक्की काय जातं याची उलटतपासणी घेतली. पोरगा म्हणाला, सिनेमा जातो. सर म्हणाले, "माझ्या डोक्यावरून सिनेमा जातो आणि मला विचारलं पण नाही?" धुण्याच्या पावडरीवर चमचा फुकट मिळायला लागला तेव्हा दुकानदाराला त्यांनी विचारलं की चमचा फुकट असेल तर पैसे कशाचे घेता. तो चमचा त्यांनी दुकानातच ठेवला आणि पावडर घेऊन आले. बाटलीतलं काळं सरबत ते उजेडात धरून बघत आणि कोणाला तरी देऊन टाकत.

पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात कोणी स्वयंपाकीण टिकली नसती, आणि सरांनी ठेवलीही नसती. पोळ्या ते स्वतः लाटत आणि उत्तम लाटत. त्यांचं सगळं गणित मला पहिल्यांदा समजलं ते या पोळीवरून. एकदा ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही पोळी लाटता तेव्हा कड सांभाळता ना? कड एकसारखी झाली की मधे बोट पण लावावं लागत नाही, ती आपसूक फुगते. माझं काम तेवढंच आहे."

हे काम काय ते थोडं सांगायला हवं. जमिनीत मुरलेलं पाणी कुठून कुठे जातं, कुठे वर येतं, हे काढायचं असेल तर इतर लोक सगळ्या जमिनीचे कागदावर बारीक बारीक त्रिकोण पाडत आणि एकेका त्रिकोणाचा हिशोब संगणकाकडून करवून घेत. सर फक्त कडेने जात. पद्धतीचं नाव लांबलचक होतं, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल बाउंडरी एलिमेंट. सर तिला काठाचं गणित म्हणत. जमिनीच्या काठावर ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजून आणायची, की त्यावरून आतल्या कुठल्याही जागची पातळी सूत्रातून निघते, आत एक खड्डा न खणता.

पण सरांचा जीव जडला होता तो पुढच्या भागावर. उत्तर आलं की ते त्याच सूत्राला उलटं विचारत, तुझ्या मते काठ कुठे आहे ते काढून दाखव. सूत्राने काढलेला काठ आणि नकाशावरचा खरा काठ एकावर एक ठेवायचे. दोन्ही रेघा चिकटल्या तिथे ठीक. जिथे दोघींत फट पडली तिथे चूक. मग त्या जागी आणखी बिंदू घालायचे की फट मिटत जाते. परदेशात तेव्हा यात खूप नवं काम चाललं होतं, बिंदू कुठे वाढवावेत, काठाच्या किती बाहेर ठेवावेत, कोणत्या टोकाला कसं सूत्र लावावं. ती मासिकं आमच्या कॉलेजात महिनोन्महिने उशिरा येत आणि आली की सर पाकिटाचा डिंक आधी बघत, मधल्या मधे कोणी उघडलं तर नाही ना म्हणून.

"स्वतः कुठे चुकलंय ते स्वतःच सांगणारं उत्तर मला द्या," असं ते म्हणत. "बाकीच्या उत्तरांवर माझा विश्वास नाही."

कॉलेजात संगणक आला तेव्हा त्याची किल्ली माझ्याकडे आणि त्याची शंका सरांकडे आली. कोणी मागे येऊन उभं राहिलं की ते पडद्यावर पंचा टाकत. आलेल्या आकड्यांपैकी एखादा रोज हाताने करून बघत, यंत्र आळस तर करत नाही ना म्हणून. लोकांनाही मग त्यांच्याबद्दल शंका येणारच. स्टाफरूममध्ये पक्की समजूत होती की मुळ्ये बंद खोलीत संगणकावर कुंडल्या काढून विकतो. उज्जैनमध्ये यापेक्षा मोठा धंदा त्यांना सुचत नव्हता. मी सरांना हे सांगितलं तर ते रागावले नाहीत. उलट, आपल्यावर लक्ष ठेवण्याइतकी अक्कल लोकांना आहे, याचं त्यांना बरं वाटलं.

या माणसाच्या घरात बेधडक आत जाणारा एकच प्राणी होता, शेवडे काका. दत्तात्रय शेवडे, सरांचे शाळेपासूनचे दोस्त, पाटबंधाऱ्याच्या कामावर आयुष्य घालवून निवृत्त झालेले ओव्हरसियर. कपाळावर भस्म, सोमवारचा उपास, आणि बोलणं असं की अर्धं हिंदीत सुरू होऊन मराठीत कुठेतरी पोचे. ते संध्याकाळी येत, चपला हातात घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात, चहा स्वतः टाकत आणि सरांना बाहेर आणून देत. तो चहा सर न बघता पीत. मला त्यांच्या संपूर्ण ओळखीत तेवढीच एक गोष्ट त्यांनी न बघता केलेली दिसली. सरांना कुठलीही मोजणी हवी असली की ती शेवडे काकाच करत, कारण, सर म्हणत, "दत्तूची फीत खोटं बोलत नाही."

मग नानाखेड्याच्या पलीकडे एक कॉलनी उठायला लागली. तिथे एक जुना तलाव होता. त्याच्या मातीच्या पाळीखालच्या जमिनीचे प्लॉट पाडून झाले होते. उन्हाळ्यातसुद्धा पाया खणताना पाणी लागतं अशी ओरड झाली म्हणून सरकारी कचेरीने आमच्या कॉलेजला विचारलं, इथे घरं बांधायला द्यावीत की नाही ते बघून सांगा. काम सरांकडे आलं. बिल्डर लगेच मिठाईचा डबा घेऊन ओट्यावर हजर झाला. सरांनी डबा उघडला, वरची बर्फी त्याच्या हातावर ठेवली आणि तो खाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. बाकीचा डबा त्यांनी त्याच्याबरोबर परत पाठवला.

मोजणी शेवडे काकांनी केली. तलावाचा काठ, पाळ, पलीकडचा नाला, सगळीकडे फिरून त्यांनी पातळ्या आणल्या आणि नकाशा स्वच्छ करून दिला. आम्ही ते आकडे यंत्रात घातले. पहिल्या दिवशी काठावर पाचसहा जागी फटी आल्या. सर खूष होते, बिंदू वाढवत होते, फटी मिटत होत्या. शेवटी एकच उरली. तलावाच्या काठाला लागून एक लहानसं महादेवाचं देऊळ आहे, त्याच्या मागच्या बाजूला. तिथे सूत्राची रेघ नकाशाच्या रेघेपासून पोट सुटल्यासारखी बाहेर येई. सरांनी तिथे बिंदू वाढवले, बाहेर सरकवले, सूत्र बदललं. फट हलेना.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावर पंचा टाकला, खोलीत आम्ही दोघंच असताना, आणि विचारलं, "शेवड्यांचा सुधीर कुठे नोकरीला लागला, माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. सुधीर त्याच बिल्डरच्या ऑफिसात लागला होता. काकांनी त्याचे पेढेही वाटले होते, सरांच्या घरी तर आत जाऊन.

देवळाच्या मागून जी पट्टी सुरू होते तिथेच सगळ्यात महागडे प्लॉट होते. सरांनी मोजणी खोटी आहे असं लिहून दिलं असतं तर शेवडे काकांचं नाव गेलं असतं. त्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही कमावलेलं नव्हतं. आणि सरांचा तो एकच दोस्त होता.

त्या संध्याकाळी छापलेले कागद घेऊन मी ओट्यावर बसले होते. काकांनी चहा बाहेर आणला. सरांनी कप हातात घेतला आणि चहाकडे बघितलं. काकांच्याही ते लक्षात आलं.

"दत्तू, देवळाच्या मागे मोजलंस?" सरांनी विचारलं.

"मोजलं की. पूरा काठ मोजला."

"तिथली पातळी बरोबर नाही."

"मग तुझं मशीन चुकून राहिलं असेल."

"सगळ्या काठावर बरोबर आणि तिथेच चुकून राहिलं?" सर म्हणाले. "सुधीरला त्या लोकांनी काय बघून घेतला, दत्तू?"

मी कागदांकडे बघत राहिले. काका म्हणाले, "महादेवाच्या दारात मी खोटं मोजीन, असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही. फट दिसते."

काका उठून आत गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या चपला हातात घेऊन ते बाहेर आले आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर, जिथे आम्ही सगळे परके लोक चपला काढतो, तिथे त्यांनी त्या घातल्या. मग ते गल्लीतून सावकाश निघून गेले. सरांचा चहा तसाच राहिला. मला त्या वेळी सरांचा मनापासून राग आला होता, आणि त्यांचं बरोबर असेल अशी भीतीही वाटत होती.

कचेरीचा माणूस अहवाल मागायला येत होता. पण सर लिहीनात. स्वतः जागेवर बघितल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही म्हणाले. संशयी माणसाचा एवढा एक फायदा असतो, तो स्वतःच्या संशयावरही विश्वास ठेवत नाही. एका सकाळी आम्ही टेम्पोने नानाखेड्याला गेलो आणि तिथून चालत तलावावर. सरांचा गुडघा दुखत होता. ते देवळापुढच्या नंदीशेजारी काठी टेकून बसले आणि मला म्हणाले, "फीत घ्या आणि देवळाला धरून पाण्याच्या कडेने मोजत जा."

मी नंदीपासून निघाले. भिंतीला धरून, शेवाळावरून पाय सांभाळत, खुणा करत देवळाच्या बगलेत पोचले. मग परत आले आणि दुसऱ्या बाजूने तशीच गेले. परत येऊन सरांना म्हटलं, झालं.

सर माझ्याकडे बघत होते. "मधे का परत आलात?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, इकडून गेलात ती अर्ध्यातून फिरलात, तिकडून गेलात तीही अर्ध्यातून फिरलात. मधला तुकडा कोणी मोजायचा?

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "सर, तिथे जलधारी आहे. ती ओलांडायची नसते ना."

पिंडीवरचं पाणी देवळाच्या भिंतीतून बाहेर पडतं ती दगडी पन्हळ. महादेवाची प्रदक्षिणा तिथपर्यंतच घालायची आणि आल्या वाटेने फिरायचं, हे लहानपणी आईचं बोट धरून शिकलेलं. मी काही मोठी देवधर्मवाली नाही. मोजताना माझ्या मनात देव नव्हताही, पातळीचे आकडे होते. पाय आपले आपण फिरले होते. आता हे ज्यांचा जन्मभर सोमवार चुकला नाही, त्या शेवडे काकांच्या पायांना कोणी सांगायला हवं होतं का? त्यांनीही दोन्ही बाजूंनी जलधारीपर्यंत जाऊन मोजलं असणार, आणि मधल्या हातभर तुकड्यावर नकाशात सरळ रेघ मारून दिली असणार. आपण काही सोडलं आहे, हे त्यांना कळलंही नसेल. म्हणूनच ते ठामपणे म्हणाले होते की पूरा काठ मोजला.

सर काठी टेकत उठले, बगलेतून पन्हळीपर्यंत गेले आणि एक पाय उचलून ती सहज ओलांडून पलीकडे उभे राहिले. त्यांना देव वगैरे नव्हताच. वाकून त्यांनी पन्हळीखालच्या दगडांत काठी घातली. काठी आत गेली, आणि जातच राहिली. तिथे पाळीच्या पोटातून जाणारी एक जुनी बांधीव नाली होती, कोणाच्याही आठवणीत नसलेली. तलावाचं पाणी तिच्यातून गुपचूप प्लॉटांखाली चाललं होतं.

म्हणजे सूत्राने बोट अगदी बरोबर जागेवर ठेवलं होतं. बारीकशा फटीतून एवढं मोठं काही सापडल्यावर दुसरा कोणी नाचला असता. सर पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ काठीचं ओलं टोक बघत राहिले. परत येताना टेम्पोत ते एवढंच म्हणाले, "चूक कुठे आहे ते मला कळलं होतं, बाई. का आहे ते मी माझ्या मनाने भरलं."

अहवालात त्यांनी मोजणीतली त्रुटी आपल्या देखरेखीची म्हणून स्वतःच्या नावावर लिहिली. कचेरीने ती पट्टी सोडायला लावली, नाली बुजवली, तिथे पुढे बगीचा झाला. प्राचार्यांनी हार आणला. सरांनी हारातली फुलं खरी आहेत का ते बोटाने बघितलं, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

शेवडे काका पुन्हा आले नाहीत. सर माफी मागायला जातील असं मला वाटत होतं. ते जातही होते. शेवड्यांच्या फाटकापर्यंत, अगदी खिडकीसमोर, जाऊन उभे राहत आणि परत येत. मी एकदा चिडून म्हटलं, आत जा की सर, खामखा कशाला मनाला लावून घेता. ते म्हणाले, "त्याने मला ओट्यावर बसवलं तर?" आयुष्यभर लोकांना ओट्यावरून परत पाठवणाऱ्या माणसाला त्या पायरीची एवढी धास्ती असेल असं मला वाटलं नव्हतं. मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. संध्याकाळी ते स्वतःच चहा करत, दोन कप बाहेर आणत, आणि दुसरा कप गार झाला की कुंडीत ओतत.

मग गुडघा फारच बिघडला. मुलगी न्यायला आली. सरांनी पुण्याच्या पाण्याबद्दल, तिथल्या डॉक्टरांबद्दल, जावयाच्या गाडीबद्दल सगळ्या शंका काढून झाल्या आणि मग जायला कबूल झाले. ते जाण्याच्या आधीच्या श्रावण सोमवारी मी सासूबाईंना घेऊन त्या तलावावरच्या देवळात गेले होते. कॉलनीत आता लोक राहायला आले होते, देवळाला रंग लागला होता, गर्दी होती. सासूबाई रांगेत होत्या. मी पाण्याच्या पायरीवर जलधारीच्या बाजूला उभी होते.

शेवडे काका प्रदक्षिणा घालत एका बाजूने आले आणि जलधारीशी थांबले. हात जोडून त्यांनी डोळे उघडले तर समोर, पन्हळीच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूने आलेले मुळ्ये सर काठी टेकून उभे. सरांना मी देवळात दर्शनाला आलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोघांमध्ये ती हातभर पन्हळ आणि तिच्यातून ठिबकणारं दूधपाणी. मग सर वळले आणि आल्या वाटेने परत निघाले.

काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, हा पुन्हा फाटकापासूनच परत चालला. मलाही तेच वाटलं. सरांच्या सहवासात इतकी वर्षं काढल्यावर मलाही कोणाबद्दल चांगलं पटकन वाटत नाही. सर देवळाआड दिसेनासे झाले. काकांनी थोडा वेळ वाट बघितली, मग खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसलं आणि तेही परत फिरायला वळले. वळले तर समोर सर. घामाने निथळलेले, धापा टाकत, गर्दीतून सबंध देवळाला वळसा घालून ते काकांच्या बाजूला पोचले होते.

काकांनी त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. "एवढा चक्कर कशाला घातलास, वासू? एक पाऊल तर होतं."

सरांना श्वास लागला होता. तो जरा बसल्यावर ते म्हणाले, "ओलांडायची नसते ना."